शाई शेवटी शाईच नसते

कॉलेजच्या पोरांचा एक उद्योग असतो. शिवणाची सुई, तिला गुंडाळलेला दोरा आणि ड्रॉइंगच्या तासाची काळी शाई एवढ्या भांडवलावर मित्राच्या मनगटावर बदाम टोचायचा. मुलुंड असो की बोरिवली, युक्तिवाद एकच: स्टुडिओवाला हजारोंत पैसे मागतो, शाई शेवटी शाईच ना?

शाईबद्दल अंधेरीला विचारावं. दिगंबर परशुराम दांडेकरांनी १९३१ साली मुंबईत घोडा छाप शाईची पूड विकायला घेतली, त्यातून कॅमलिन उभी राहिली. कंपनी आता जपानच्या कोकुयोकडे असली तरी कार्यालय अंधेरी पूर्वेच्या एमआयडीसीत आहे. तिच्या शाईने आपल्या दोन-तीन पिढ्यांची बोटं निळी झाली आणि साबणाने धुतलीही गेली. धुतली जाणं हाच फाउंटन पेनच्या शाईचा धर्म. तिच्यातला रंग पाण्यात पूर्ण विरघळलेला असतो. तो टोचला तर पसरतो, फिका पडतो, शरीर तो वाहून नेतं. बॉलपेनची शाई द्रावकात कालवलेली. ती रक्तामांसात घालायची वस्तूच नव्हे.

ड्रॉइंगच्या शाईचं प्रकरण मात्र फसवं आहे. तिचा काळा रंग म्हणजे कार्बनचे न विरघळणारे कण. आपल्या आज्यांच्या हातावरचं तुळशीवृंदावन ज्या दिव्याच्या काजळीने गोंदलं जाई, तोच हा कार्बन. म्हणून ती टिकते, आणि टिकते म्हणून पोरांना वाटतं, जमलं! पण कागदावर पक्की बसावी म्हणून तिच्यात अनेकदा लाख असते, बाटलीत बुरशी येऊ नये म्हणून रसायनं असतात आणि ती निर्जंतुक केलेली नसते. कागदाला त्याने काही होत नाही.

मतदानाची शाई बघा. तिच्यातलं सिल्व्हर नायट्रेट कातडीच्या वरच्या थरालाच धरतं. तो थर झडला की डाग गेला. टॅटूची सुई त्याच्याखाली, मिलिमीटर-दीड मिलिमीटर आत जाते. तिथे शरीराच्या पेशी रंगाचे कण गिळून बसतात. एक पेशी मेली की सांडलेले कण दुसरी उचलते. काही कण लसिका ग्रंथींपर्यंत पोचतात आणि तिथेच मुक्काम करतात. थोडक्यात, आत गेलेलं बाहेर काढणं आपल्या हातात राहत नाही.

म्हणून रंगीत टॅटूचा हट्ट धरणाऱ्यांनी जरा थांबावं. सगळ्यात जास्त ॲलर्जी लाल रंगाची; पूर्वी त्यात पाऱ्याचं हिंगूळ असे, आता बहुतेक कृत्रिम सेंद्रिय रंग असतात. युरोपीय संघाने जानेवारी २०२२ पासून टॅटूच्या शाईतल्या हजारो रसायनांवर निर्बंध घातले. आपल्याकडे टॅटूच्या शाईसाठी वेगळा केंद्रीय कायदा नाही. पाणीपुरीच्या गाडीला नोंदणी लागते आणि कातडीत कायमचा रंग भरणाऱ्या बाटलीला कोणी विचारत नाही, हा प्रकार मला तरी संतापजनक वाटतो. (लग्नसराईत घाटकोपरच्या बाजारात मिळणाऱ्या झटपट ‘काळ्या मेंदी’लाही हेच लागू. मेंदीचा पाला काळा रंग देत नाही. तो काळा रंग बरेचदा केसांच्या कलपातल्या पीपीडी या रसायनाचा असतो आणि फोड आणतो.)

महागडी शाई म्हणजे निर्धास्त, असंही नाही. अमेरिकेत रॉचेस्टरला २०११-१२ मध्ये एकाच कलाकाराकडे गेलेल्या १९ जणांच्या कातडीला जंतुसंसर्ग झाला. धागा निघाला तो तयार राखाडी शाईपर्यंत. ती कारखान्यातच पातळ केलेली होती. मग आपल्याकडे गडद काळ्याचा राखाडी करायला नळाचं पाणी घालणाऱ्याबद्दल काय बोलावं!

तेव्हा खुर्चीत बसण्याआधी बाटली हातात घ्या. ती टॅटूचीच आहे ना, त्यावर निर्मात्याचं नाव, बॅच नंबर, मुदत आणि घटक आहेत ना, वाचा. शाई तुमच्यासमोर नव्या छोट्या टोपीत ओतली गेली पाहिजे आणि उरलेली फेकली गेली पाहिजे. सुईचं पाकीटही समोरच फुटलं पाहिजे. ‘इतकं काय बघता?’ असं कोणी म्हणालं तर उठून या. आणि सगळं नीट झालं तरी तारीख लिहून ठेवा: टॅटू काढल्यावर १२ महिने रक्तदान करता येत नाही.