गाडीची बॅटरी कुठे आहे, ठाऊक आहे का?

डिसेंबर उजाडला की कसबा बावड्यातील आपल्या वस्तीत चैत्यभूमीला जाण्याची गडबड सुरू होते. कुणी रेल्वेने जातात, तर चार-पाच घरे वर्गणी काढून वडापची गाडी ठरवतात. एका वर्षी आम्हीही असेच निघालो. रात्री हमरस्त्यावर चहाला थांबलो. परत गाडीत बसलो, तर सेल्फ मारला की नुसता टकटक आवाज आणि दिवे मिणमिणणारे. आयाबाया, पोरेबाळे थंडीत खाली उतरली.

ड्रायव्हर आपल्याच वस्तीतला पोरगा. कर्ज काढून जुनी गाडी घेतलेला. "बॅटरी कुठं हाय रं?" म्हणून विचारले, तर तो बॉनेट उघडून बघत राहिला. तिथे बॅटरी नव्हतीच! जवळच्या गॅरेजवाल्याने गाडी न बघताच नवी बॅटरी घ्यायला सांगितले. शेवटी आमच्यातल्या एका वयस्कर मामांनी गाठोडी बाजूला काढायला लावली आणि सीट उचलली. बॅटरी खाली होती. टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड चढलेली, क्लॅम्प हाताने हलत होता. घासून, पान्याने आवळला आणि गाडी सुरू झाली. हजारो रुपयांचा खर्च वाचला.

म्हणून वाचक बंधू-भगिनींनो, गाडी घेतली की पहिल्याच दिवशी बॅटरी शोधा. कुठल्या गाडीत ती बॉनेटखाली असते, कुठे सीटखाली, तर कुठे चासीला लावलेल्या पेटीत. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात जागा दिलेली असते. पुस्तक नसेल, तर सेल्फकडून आलेल्या जाड केबलचा माग काढावा.

तपासताना इंजिन बंद ठेवा. बिडी, काडी जवळ नको, कारण बॅटरीतून निघणारा हायड्रोजन वायू ठिणगीने पेट घेतो. आतले पाणी म्हणजे गंधकाम्ल. अंगावर उडाले तर लगेच भरपूर पाण्याने धुवा. डोळ्यात गेले तर धुऊन थेट दवाखाना गाठा.

टर्मिनल सोडवताना आधी वजा, मग अधिक. जोडताना आधी अधिक, मग वजा. हा क्रम चुकला आणि पाना गाडीच्या पत्र्याला लागला, तर मोठी ठिणगी उडते. पूड साचली असल्यास कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून ब्रशने घासावी, पण ते पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये. कोरडे करून, आवळून वरून व्हॅसलीन लावावे. झाकणाची बॅटरी असेल तर सहाही खणांत पट्ट्या पाण्याखाली बुडालेल्या हव्यात. कमी असल्यास डिस्टिल्ड वॉटरच घाला, नळाचे नको. सीलबंद बॅटरी उघडू नये.

मल्टिमीटर असेल तर काम सोपे. रात्रभर उभ्या गाडीची चांगली बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते. 12.2 म्हणजे साधारण निम्मी उतरलेली. इंजिन चालू असताना आकडा सुमारे 13.8 ते 14.4 हवा. तो चढत नसेल, तर दोष चार्जिंगमध्ये, म्हणजे अल्टरनेटर, पट्टा किंवा वायरिंगमध्ये शोधावा. तिथे नवी बॅटरी घातली तरी तीही उतरेल. गाडी उभी असताना तासन् तास दिवे आणि भीमगीते चालू ठेवली, तरी हाच अनुभव येतो.

जुनी बॅटरी शिशासाठी घरी फोडू नका. शिसे पोरांच्या मेंदूला घातक आहे. नवी घेताना जुनी दुकानदाराला परत द्या, पैसेही वळते होतात.

बाबासाहेब 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. कामगारांना तांत्रिक शिक्षण मिळावे, यावर त्यांचा भर होता. आपल्या बावड्यातच जन्मलेल्या राजर्षी शाहूंनी गंगाराम कांबळेंना हॉटेल काढायला बळ दिले आणि स्वतः तिथे चहा घेतला. आज आपली पोरे स्वतःच्या गाडीचे मालक होतात, पण हप्ता भरायचा तर गाडी चालली पाहिजे. त्यासाठी तिची माहिती मालकाला हवी, आणि घरातल्या बाईलाही हवी.

तथागतांचा अखेरचा उपदेश अप्रमादाचा, म्हणजे गाफील न राहण्याचा होता. यंदा चैत्यभूमीला निघण्याआधी, गाठोडी चढवण्यापूर्वी, एकदा सीट उचलून बघा.

जयभीम!