सोंडेला 'स्पर' म्हणतात

झाशीच्या इलाइट चौराह्यावर उभं राहून मान वर केली की आभाळाआधी पाट्या दिसतात. निम्म्या कोचिंग क्लासच्या. 'फर्राटेदार अंग्रेज़ी' हे इथलं वचन, आपल्याकडच्या 'फाडफाड इंग्रजी'चं सख्खं भावंड. रविवारी आउटपास मिळाला की आमचे जवान सदर बाजारातून इंग्रजीची गाइडं घेऊन येतात. संध्याकाळच्या रोल कॉलनंतर बॅरेकमध्ये त्यांचं पाठांतर चालतं. मी ती गाइडं चाळली आहेत. प्रत्येकात तीन धडे हमखास असतात: शब्दांना पुढून लागणारे उपसर्ग, आकारांचे शब्द आणि रंगांचे वाक्प्रचार.

माझं मत आधीच सांगून टाकतो. यातला पहिला धडा चुकीच्या पद्धतीने शिकवला जातो, दुसरा शिकवलाच जात नाही आणि तिसरा गरजेपेक्षा चौपट शिकवला जातो.

कुणी म्हणेल, साहेबाला दुसरं काम नाही का? आहे. पण आमच्याकडे कोल्हापूरकडचा एक नाईक आहे. दुर्बिणीतून अंतराचा अंदाज सांगतो तो यंत्राने तपासायची गरज क्वचितच पडते. त्याला एसीसीला बसायचं आहे, म्हणजे शिपायाचा अधिकारी होण्याची जी वाट देहरादूनला जाते, त्या वाटेला. सत्ताविसाव्या वर्षापर्यंतच ती उघडी असते आणि तिच्या तोंडाशी इंग्रजीचा पेपर उभा असतो. दुसरीकडे अग्निवीर आहेत. २०२२ च्या योजनेनुसार चार वर्षं सेवा आणि मग जास्तीत जास्त पंचवीस टक्के कायम. उरलेली मुलं ऐन तरुणपणी बाहेर पडणार आणि मुलाखतीला बसणार. त्यांच्यासाठी हे तीन धडे म्हणजे हौस नाही.

आधी उपसर्ग. गाइडमध्ये दोन पानांचा तक्ता असतो: 'पॉसिबल'ला 'इम', 'लीगल'ला 'इल', 'रेग्युलर'ला 'इर', 'डायरेक्ट'ला 'इन', 'फिट'ला 'अन'. पाठ करा. पोरं बिचारी रात्री अकरापर्यंत पाठ करतात आणि परीक्षेत 'अनपॉसिबल' लिहून येतात.

आता हेच मराठी शाळेत आठवी-नववीला संधी शिकलेल्या मुलाला वेगळ्या रीतीने सांगा. उत् अधिक लेख, काय होतं? उल्लेख. उत् अधिक नती? उन्नती. पुढे जे व्यंजन आलं त्याच्यासारखं मागचं झालं. 'इन' अधिक 'लीगल'चं 'इललीगल' होतं ते याच न्यायाने. 'संताप' म्हणताना अनुस्वाराचा 'न' होतो आणि 'संप' म्हणताना 'म', हे कुणी शिकवावं लागत नाही, जीभच ते करते. 'इनपॉसिबल' दहा वेळा भरभर म्हणून बघा, पाचव्या वेळी 'इम' येतोच. मी हे फळ्यावर लिहिलं तेव्हा तो कोल्हापूरचा नाईक म्हणाला, "म्हणजे साहेब, इंग्रजीतबी संधी हाय!" आहे. लॅटिनमधून आलेली आहे, पण आहे.

त्याहून गंमत पुढे आहे. आपला 'अ' स्वराच्या आधी 'अन्' होतो: अशक्य, पण अनावश्यक. ग्रीकमध्येही अगदी हाच नियम. ग्रीकचा 'अ-अन', लॅटिनचा 'इन', इंग्रजीचा 'अनफिट'मधला 'अन' आणि आपला संस्कृत 'अ-अन्' ही एकाच आईची लेकरं. 'परि' आणि 'पेरी' तसेच. परिमिती आणि 'पेरिमीटर' हे दोन शब्द शेजारी लिहिले की पुढचं बोलावं लागत नाही. पेरिमीटरवर रात्र-रात्र गस्त घालणाऱ्या माणसाला तो शब्द आपल्याच गोतावळ्यातला निघाला याचा आनंद मी पाहिलेला आहे.

फारसीतून आलेली फौजही आपल्याकडे आहे: गैरहजर, बेशिस्त, नामंजूर, लापता. शिवाय घरचे 'फेर' आणि 'बिन'. फेरतपासणीतला 'फेर' म्हणजे 'री'. बिनतारी संदेशातला 'बिन' मात्र इंग्रजीत शेवटी जाऊन बसतो, 'वायरलेस'. एवढं भांडवल खिशात असलेल्या मुलाला कोरी पाटी समजून तक्ता घोकायला लावणं हा शिकवणाऱ्याचा आळस आहे, दुसरं काही नाही.

जिथे पूल तुटतो तिथे मात्र थांबून शिकवलं पाहिजे, आणि नेमकं तिथेच गाइड गप्प असतं. 'अनआर्म्ड' आणि 'डिसआर्म्ड' या दोन्हींना मराठीत आपण सरसकट नि:शस्त्र म्हणू. पण पहिल्याकडे शस्त्र नव्हतं आणि दुसऱ्याकडून काढून घेतलेलं आहे. म्हणजे तो थोड्या वेळापूर्वी सशस्त्र होता आणि त्याचे साथीदार अजून असू शकतात. रिपोर्टमध्ये एका उपसर्गाने एवढा फरक पडतो. 'इनफ्लेमेबल' हा आणखी एक. सवयीने वाचणारा म्हणणार, 'इन' आहे म्हणजे पेट घेणार नाही. तो 'इन' नकाराचा नाहीच, अर्थ आहे चटकन पेट घेणारं. टँकरवर नुसतं 'फ्लेमेबल' लिहिणं बरं, ते यासाठीच. आणि ज्या शब्दांवर रोजची फौज चालते ते 'एम्बस-डीबस', 'एन्ट्रेन-डीट्रेन' कोणत्याच गाइडात नाहीत. जवान दिवसातून चारदा 'डीबस' म्हणतो. हाच 'डी' बॉम्बच्या 'डीफ्यूज'मध्ये आहे, 'डीमाइनिंग'मध्ये आहे, हे सांगायला दोन मिनिटं लागतात.

जाता जाता निवृत्त मंडळींसाठी. 'एक्स-सर्व्हिसमन' मधला 'एक्स' अनेकांना टोचतो, मराठीतला 'माजी' तेवढा टोचत नाही. सैन्याचा संकेत मात्र चांगला आहे: 'रिटायर्ड' हा शब्द हुद्द्याच्या पुढे लावायचा नाही, नावानंतर लिहायचा. निवृत्त माणूस होतो, हुद्दा नाही. शब्दाची जागा बदलल्याने मान बदलतो याचं याहून चांगलं उदाहरण मला वर्गात सापडलेलं नाही.

आता आकार. गाइडमधला आकारांचा धडा म्हणजे वर्तुळ, चौकोन, त्रिकोण, झालंच तर षट्कोन. पंचवीस वर्षांच्या नोकरीत मला षट्कोनी टेकडी भेटलेली नाही.

सैनिकाचे आकारांचे शब्द नकाशावाचनात असतात. आणि तिथे 'स्पर', 'सॅडल', 'री-एन्ट्रंट', 'नोल' अशी नावं कोऱ्या इंग्रजीत किंवा रोमन लिपीतल्या हिंदीत अंगावर येतात. 'स्पर' आणि 'री-एन्ट्रंट' यांत तर भले भले गोंधळतात, कारण दोन्हीकडे समोच्च रेषा इंग्रजी व्ही अक्षरासारख्या वळतात. स्परमध्ये व्हीचं टोक उताराकडे, री-एन्ट्रंटमध्ये चढाकडे. पाठ करून हे टिकत नाही. अंधारात, पाठीवर वजन आणि हातात झाकलेली बॅटरी असताना तर नाहीच. चुकलात तर कड्यावरून चढायच्या ऐवजी घळीत उतरता, आणि घळीत उतरलेल्या तुकडीवर वरून काय होऊ शकतं ते सैनिकाला सांगायला नको.

सह्याद्रीतल्या पोराला सांगा, स्पर म्हणजे सोंड. डोंगराची सोंड! आजोबांपासून ऐकलेला शब्द. सोंड बाहेर येते, म्हणून व्हीचं टोक बाहेर. री-एन्ट्रंट म्हणजे घळ, जमीन डोंगराच्या पोटात पुन्हा शिरली, इथेही तोच 'री'. सॅडल म्हणजे खिंड, आणि घोड्याचं खोगीर डोळ्यांसमोर आणलं तर इंग्रजी नावही पटतं. नोल म्हणजे टेकाड, रिज म्हणजे धार. राजगड पाहिलेल्याला सुवेळा आणि संजीवनी माची आठवायला सांगितली की स्पर काढून दाखवावा लागत नाही. पन्नास हजारी नकाशावर दोन समोच्च रेषांमध्ये वीस मीटरचा फरक असतो, त्या जवळ आल्या की चढ उभा, एवढं एकदा कळलं की उरलेलं काम मायबोलीच करते.

बबीनाकडची जमीन सह्याद्रीसारखी नाही. इथे खडकाळ टेकाडं आणि गारगोटीच्या लांबच लांब धारा, मध्ये नाले. आणि 'नाला' हा शब्द तर इंग्रजांनी जसाच्या तसा उचलला. आपणही त्यांना शब्द दिले आहेत, हे वर्गात सांगतोच मी. 'खाकी' त्यातलाच, खाक म्हणजे धूळ. याच झाशीभोवती १८५८ मध्ये लढणाऱ्या इंग्रजी फौजांपैकी अनेकांनी तोवर आपले पांढरे कपडे धुळीच्या रंगात बुडवून घेतले होते. वरसईचे गोडसे भटजी त्या वेढ्यात शहरात अडकले होते, त्यांच्या 'माझा प्रवास'मध्ये शत्रूचं नाव रंगावरूनच आहे: गोरे.

यावरून रंगांकडे येतो.

एनडीएत विदेशी भाषा घ्यावी लागते. माझ्या वाट्याला चिनी आली. खडकवासल्याला पहाटेच्या ड्रिलनंतर चिनी सूर ओळखणं म्हणजे झोपेशी हातघाईची लढाई. पण त्या वर्गाने एक गोष्ट दिली: दुसऱ्या भाषेच्या माणसाला इंग्रजी कुठे अडतं ते बाहेरून दिसू लागलं. चिनी माणसाला नकारासाठी बहुतेकदा 'बू' पुरतो. पुढे काही येवो, फार तर सूर थोडा बदलतो, अक्षर तेच. इन-इम-इल-इरचा खेळ त्याला निव्वळ छळ वाटणार. जी संधी आपल्या जिभेवर आहे, ती त्याच्याकडे नाही. आकारात मात्र तो आपल्यापुढे आहे. तो वस्तू मोजतानाच तिचा आकार सांगतो. रस्ता, नदी, दोरी या लांब गोष्टींना 'थ्याओ', कागद, टेबल, नकाशा अशा पसरट गोष्टींना 'जांग'.

आणि रंगांत सगळेच एकमेकांचे परके. पुढे एका सीमा बैठकीत चिनी बाजूच्या दुभाष्याने मला इंग्रजीत 'रेड टी' देऊ केला. समोर आला तो आपला कोरा चहा. इंग्रज त्याला काळा म्हणतो, चिनी लाल, आपण कोरा. हेवा वाटला की इंग्रज हिरवा होतो, चिन्याचे डोळे लाल होतात, आपल्या पोटात दुखतं. इंग्रजीत पिवळा म्हणजे भेकड. चिनीत पिवळं पुस्तक म्हणजे अश्लील, आणि मराठीतही पिवळी पुस्तकं म्हणजे तीच. हे कसं जुळलं देव जाणे. एनडीएच्या पहिल्या कॅम्पचं नाव 'ग्रीनहॉर्न', म्हणजे कोवळ्या शिंगांचा, नवखा. आता 'ही इज स्टिल ग्रीन' या वाक्याचं शब्दशः मराठी करा. हिरवट! एखाद्या सज्जन लेफ्टनंटची अब्रूच गेली.

म्हणून मी म्हणतो, परीक्षेतून रंगांच्या वाक्प्रचारांची ती शंभराची यादी काढून टाका. 'वन्स इन अ ब्लू मून' न आल्याने कुणाचं काही अडलेलं नाही. ज्याला ते हवंच असेल त्याला 'उंबराचं फूल' सांगा, दोन सेकंदांत कळतं. लाल फीत, काळा बाजार, पांढरा हत्ती, हिरवा कंदील हे तर मराठीने कधीच पचवले आहेत. ते पुन्हा 'शिकवणं' म्हणजे पाहुण्याला त्याच्याच घरचा पत्ता सांगणं.

त्या जागी सैनिकाच्या रंगांची पाच-दहा वाक्यं घाला. पांढरं निशाण घेऊन येणाऱ्यावर गोळी झाडायची नाही, हा अलंकार नाही, १९०७ च्या हेग नियमांतलं कलम आहे. 'ब्लू ऑन ब्लू' म्हणजे आपल्याच गोळीने आपला माणूस. का, तर नकाशावर आपण निळे आणि शत्रू लाल. आणि इथे चिनी वर्गाचा खरा उपयोग होतो: चिनी सैन्याच्या सरावांत बरोबर उलटं असतं. त्यांचे स्वतःचे ते लाल आणि शत्रूची भूमिका करणारे निळे. इनर मंगोलियातल्या झुरीहच्या सराव मैदानावर तर हे निळं दल कायमचं ठेवलेलं आहे. त्यांची बातमी इंग्रजीत भाषांतरित होऊन आपल्या टेबलावर आली आणि वाचणाऱ्याने रंग आपल्या सवयीने वाचले, तर कोण जिंकलं इथपासून घोळ सुरू. हा प्रश्न मी पेपरात विचारीन. निळ्या चंद्राचा नाही.

गाइड लिहिणाऱ्यांवर माझा राग नाही, ते पोट भरतात. राग आहे तो 'मराठी माध्यमाचा आहे, इंग्रजी येणार नाही' असं एसएसबीची तयारी करणाऱ्या पोराला आधीच ऐकवणाऱ्यांवर. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आपल्या आजोबांच्या पिढ्या इंग्रजी शिकल्या, आणि ती पाठमाला मराठीतूनच शिकवत होती. साताऱ्या-सांगलीकडे गावोगावी भरतीच्या अकादम्या निघाल्या आहेत. अनेक माजी सुभेदार, हवालदार तिथे पहाटे मुलांना पळवतात. पळवून झाल्यावर अर्धा तास समोरच्या डोंगराकडे बोट दाखवून हे शब्द सांगायला काय हरकत आहे?

सध्या मी नकाशावाचनाच्या वर्गासाठी एक वही करतो आहे. डावीकडे मराठी शब्द, उजवीकडे इंग्रजी, मध्ये समोच्च रेषांचं चित्र. सोंड, घळ, नाळ, खिंड, धार, टेकाड, सुळका, पठार, कडा इथपर्यंत आलो आहे. विदर्भ-मराठवाड्यातल्या आणि कोकणातल्या माजी सैनिकांनी आपल्या भागातले शब्द पाठवावेत. 'सॅडल'ला तुमच्याकडे खिंडीशिवाय आणखी काही म्हणत असतील तर ते आधी.