खांद्यावरची तोफ आणि हातातली विद्या

रत्नागिरी जिल्ह्यातील पालीसारख्या गावातून एखादा तरुण पायदळात भरती होतो, तेव्हा पुढेमागे त्याच्या खांद्यावर ‘कार्ल गुस्ताफ’ ही ८४ मिलिमीटरची तोफ येण्याचा संभव असतो. रणगाडा फोडणारे हे शस्त्र एक माणूस खांद्यावरून डागू शकतो, कारण स्फोटातील बराचसा वायू नळीच्या मागील तोंडाने वेगाने बाहेर पडतो. पुढे जाणारा गोळा आणि मागे जाणारा वायू एकमेकांस तोलतात व धक्का उरत नाही. मात्र त्यासाठी जादा दारू खर्ची पडते आणि पाठीमागे उभा असलेला माणूस होरपळू शकतो. फुकट काहीच मिळत नाही, हा अर्थशास्त्राचा पहिला धडा या नळीतही लिहिलेला आहे.

शस्त्रांच्या व्यवहारासही तोच नियम लागू पडतो. सप्टेंबर १९६५ मध्ये असल उत्तरच्या लढाईत हवालदार अब्दुल हमीद यांनी जीपवरील १०६ मिलिमीटरच्या धक्काविरहित तोफेने पाकिस्तानचे पॅटन रणगाडे उद्ध्वस्त केले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. शौर्य आपले होते. परंतु पॅटन अमेरिकन आणि ते फोडणाऱ्या तोफेचा आराखडाही अमेरिकनच होता. त्याच युद्धात अमेरिकेने दोन्ही देशांचा शस्त्रपुरवठा रोखला. आराखडा ज्याचा, दोरी त्याच्या हाती!

कार्ल गुस्ताफ मूळची स्वीडनची. १९७६ पासून ती आपल्या सैन्यात आहे आणि परवान्याखाली आपल्या सरकारी कारखान्यांत तयार होत आली आहे. या काळात चौदा किलोंची ही तोफ सात किलोंच्या आत आली. पण ती हलकी करण्याची विद्या स्वीडनमध्येच वाढली. २०२३ मध्ये केंद्र सरकारने ‘साब’ या स्वीडिश कंपनीस शंभर टक्के स्वतःच्या भांडवलावर येथे कारखाना काढण्याची अनुमती दिली. मार्च २०२४ मध्ये हरियाणातील झज्जर जिल्ह्यात त्याची पायाभरणी झाली.

भांडवल परके आहे एवढ्यावरून त्यास विरोध करणे शहाणपणाचे नव्हे. मालकी हाती असल्याखेरीज कोणतीही कंपनी आपले अद्ययावत तंत्र सहसा परमुलखात नेत नाही, हेही खरे. परंतु सरकारी कारखान्यातील कारागिराने शिकलेले कसब निदान देशाच्या संस्थेत मुरत असे. आता ते कंपनीच्या भिंतींआड राहण्याचा धोका आहे. तेव्हा कारखाना कोणत्या राज्यात निघाला यापेक्षा पुढची तोफ कोण आखणार, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

त्याचे उत्तर देण्याची साधने आपल्यापाशी आहेत. पुण्यात खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून उभा आहे; पाषाणला शस्त्रास्त्र संशोधनाची सरकारी संस्था आहे. या संस्थांना पुढच्या पिढीचे शस्त्र आखण्याचे काम मुदत ठरवून द्यावे, त्यासाठी पैसा द्यावा आणि एखाद-दुसरे अपयश सोसण्याचे धैर्यही दाखवावे. परक्या कंपनीशी करार करताना सुटे भाग येथे घेण्याच्या अटीबरोबरच आपल्या अभियंत्यांच्या शिक्षणाची अटही घालावी.

जोड-कामाची नोकरी मिळाली तर आमचे विद्यार्थी ती आनंदाने पत्करतील. परंतु पन्नास वर्षे दुसऱ्याचा आराखडा गिरवल्यावर निदान पुढचे पान स्वतः लिहिण्याची संधी त्यांना मिळू नये काय?