घर विकण्याआधी एक हिवाळा काढून या

सध्या तालुक्याच्या गावांतही एक वाक्य वारंवार कानावर येतं. ‘आता काय, दोघंच तर उरलोय. हे घर विकू आणि मुलाकडेच जाऊन राहू.’ हा मुलगा पुण्या-मुंबईचा नसतो. तो न्यू जर्सीत असतो, टोरांटोला असतो, नाहीतर मेलबर्नला. निवृत्तीचा फंड हातात आलेला असतो, घराला किंमतही बरी येत असते. तिकडून मुलगा म्हणतो, ‘इथे जरा मोठं घर घेऊ, तुमची खोली वेगळी ठेवू. तुमचे पैसे आले तर हप्ता कमी बसेल.’ हे बोलणं प्रेमाचंच असतं. त्यात खोट काढायचं मला काही कारण नाही.

पण ज्येष्ठ महिलांच्या गटाचं काम करताना मला एक गोष्ट सतत खटकते. हा सगळा बेत व्हिडिओ कॉलवर बाप-लेकांत ठरतो. आई चहाचा कप ठेवायला येते, नातवाला हात हलवून दाखवते आणि पुन्हा आत जाते. कुणी विचारलंच तर म्हणते, ‘मला काय कळतंय त्यातलं? हे सांगतील तसं.’ मग एक दिवस दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात तिच्या अंगठ्याचा ठसा घेतला जातो, फोटो निघतो आणि तीस-पस्तीस वर्षं सारवलेलं, पुसलेलं, रंगवलेलं घर दुसऱ्याचं होतं.

मैत्रिणींनो, मुलगी देताना आपण केवढी चौकशी करतो! माणसं कशी, पाणी किती लांब, सासू कशी, सगळं काढतो. मग साठीनंतर स्वतःला दुसऱ्या मुलखात द्यायचं, तर चौकशी नको? ‘लग्न पाहावं करून, घर पाहावं बांधून’ असं आपल्याकडे म्हणतात. परदेशातलं घर मात्र आधी राहून पाहावं, आणि इथलं त्यानंतरच विकावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

पहिला प्रश्न : तिथे आपण कोण म्हणून राहणार? ‘मुलाची आई म्हणून’ हे उत्तर सरकारी खिडकीवर चालत नाही. अमेरिकेत आई-वडिलांच्या ग्रीन कार्डसाठी अर्ज करायचा, तर मुलगा किंवा मुलगी तिथली नागरिक असावी लागते. मुलाकडे नुसतं ग्रीन कार्ड असेल, तर त्याला हा अर्ज करताच येत नाही. नोकरीच्या व्हिसावर असेल तर विषयच संपला. आई आणि वडील यांचे अर्ज वेगवेगळे करावे लागतात. यजमानांचा अर्ज केला म्हणजे त्यात आपलंही आलं, असं होत नाही. पर्यटक व्हिसावर साधारणपणे एका वेळी सहा महिन्यांपर्यंत राहता येतं. ग्रीन कार्ड मिळाल्यावर ‘वर्ष-दीड वर्ष इथे, थोडे दिवस तिथे’ असं करू म्हणाल, तर तेही सोपं नाही. आधी री-एंट्री परमिट न काढता वर्षाहून जास्त काळ बाहेर राहिलं, तर कार्ड जाऊ शकतं.

कॅनडात ‘सुपर व्हिसा’ आहे. त्यावर २०२२ पासून एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येतं. मात्र किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्य विमा स्वतः काढावा लागतो, आणि हा व्हिसा म्हणजे कायमचं राहणं नव्हे. शिवाय नागरिक किंवा कायमचे रहिवासी नसलेल्यांना शहरी भागात राहतं घर विकत घ्यायला कॅनडाने १ जानेवारी २०२३ पासून बंदी घातली. ती पुढे १ जानेवारी २०२७ पर्यंत वाढवली. ऑस्ट्रेलियानेही १ एप्रिल २०२५ पासून दोन वर्षांसाठी परदेशी माणसांना जुनी, वापरातली घरं विकत घ्यायला मनाई केली. तिथल्या साध्या पालक व्हिसासाठी तर तीस-एक वर्षं रांगेत थांबावं लागतं, हे तिथलं सरकारच सांगतं. साठीच्या माणसाने तीस वर्षं थांबायचं म्हणजे काय करायचं, हे मी वेगळं लिहीत नाही. ब्रिटनमध्ये २०१२ पासून नियम असा की, रोजच्या कामांसाठी दुसऱ्याच्या आधाराची कायमची गरज आहे आणि ती सोय मायदेशात होऊच शकत नाही, हे सिद्ध करावं लागतं. धडधाकट आई-वडिलांना तो रस्ता जवळजवळ बंदच आहे.

दुसरा प्रश्न दुखण्या-खुपण्याचा. आपल्याकडे बीपी, साखर, गुडघे यांतलं एखादं तरी पन्नाशीतच घरात शिरलेलं असतं. अमेरिकेत ६५ वर्षांवरच्यांसाठी ‘मेडिकेअर’ आहे, पण ग्रीन कार्डवर गेलेल्याला त्यात शिरायला सलग पाच वर्षं तिथे राहिलेलं असावं लागतं. स्वतः किंवा जोडीदाराने तिथे दहा वर्षं नोकरी करून कर भरलेला नसेल, तर हॉस्पिटलच्या भागासाठी हप्ताही भरावा लागतो. २०२५ मध्ये तो माणशी महिन्याला ५१८ डॉलरपर्यंत होता. पर्यटकांसाठीच्या विम्यात बहुतेक वेळा जुने आजार धरत नाहीत. म्हणजे ज्या दुखण्याची भीती, नेमकं तेच बाहेर! मुलाला हे विचारताना संकोच वाटतो, मला ठाऊक आहे. पण हॉस्पिटलचं बिल आल्यावर विचारण्यापेक्षा आता विचारलेलं बरं.

तिसरा प्रश्न सगळ्यात नाजूक आहे. पैसे आपले, घर कुणाच्या नावावर? इथलं घर दोघांच्या नावावर असतं, कधी फक्त तिच्या नावावर. ते विकून पैसे तिकडे गेले की घर होतं मुला-सुनेच्या नावावर. उद्या त्यांची नोकरी गेली, घर विकायची वेळ आली, त्या दोघांचं पटेनासं झालं, तर आपली ‘वेगळी खोली’ कुणाच्या हिश्शात जाणार? आपल्याकडे २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता सांभाळ न केल्यास परत मागता येते, त्यासाठी प्रांताधिकाऱ्यांकडे दाद मागता येते. पण न्यू जर्सीतल्या घरासाठी आपले प्रांत काय करणार?

आणि लेकीचं काय? वडिलोपार्जित मालमत्तेत महाराष्ट्रात १९९४ मध्ये आणि देशभरात २००५ मध्ये मुलींना मुलांबरोबरीचा हक्क मिळाला. इथलं सगळं विकून मुलाच्या घरात घातलं, की तो हक्क नुसता कागदावर राहतो. लेक बोलत नाही. पण आपण आई आहोत, तिच्या न बोलण्याचा अर्थ आपल्यालाच कळायला हवा.

पैशाचे नियमही आधी सीएकडून समजून घ्यावेत. इथे राहणाऱ्या माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते. त्यात दहा लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर, घर घ्यायचं असेल तर, २० टक्के टीसीएस कापला जातो. तो विवरणपत्र भरल्यावर वळता होतो, पण तोवर पैसा अडकतो. इथलं घर विकून झालेल्या नफ्यावर, नवं घर घेतलं म्हणून करात सूट मिळते, ती नवं घर भारतात असेल तरच. परदेशातल्या घराला ती नाही. आणि घर घेऊन खर्च संपत नाही. न्यू जर्सीत मालमत्ता कराचं सरासरी वार्षिक बिल २०२४ मध्ये दहा हजार डॉलरच्या वर गेलं. आपण नगरपालिकेच्या घरपट्टीसाठी कुरकुरतो!

मूल परदेशात नसलं तरी हल्ली ‘निवृत्तीसाठी परदेशात फ्लॅट’ अशा जाहिराती येतात. हॉटेलात प्रदर्शन भरतं, चहा-बिस्किटं, चकचकीत पुस्तिका, आणि ‘आजच टोकन द्या’ची घाई. दुबईत दहा लाख दिरहमच्या घरावर ५५ वर्षांपुढच्यांना निवृत्तीचा व्हिसा मिळतो हे खरं. पण तो पाच वर्षांचा, नंतर नूतनीकरण. थायलंडमध्ये परदेशी माणसाला जमीन घेता येत नाही. फ्लॅट घेता येतो, तोही इमारतीच्या ४९ टक्क्यांच्या मर्यादेत. आणि नियम बदलतात! पोर्तुगालने घर घेऊन व्हिसा देणं २०२३ मध्ये बंद केलं, स्पेनने एप्रिल २०२५ मध्ये. घर घेतलं म्हणजे त्या देशात राहायचा कायमचा हक्क मिळाला, या भ्रमात कुणी राहू नये. घर आणि व्हिसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्हींची कागदपत्रं वेगवेगळी, आणि जाहिरात करणाऱ्याच्या नव्हे तर आपल्या वकिलाकडून तपासायची.

आता जे कुठल्याच कागदावर नसतं ते बघू. तिथे आपला दिवस कसा जाणार? इथे आपण पायी भाजी आणतो, बँकेत जातो, भिशीला जातो, संध्याकाळी देवळाच्या ओट्यावर टेकतो. अमेरिकेच्या उपनगरांत गाडीशिवाय कोथिंबिरीची जुडीही मिळत नाही. मुलगा-सून सकाळी बाहेर, नातवंडं शाळेत, खिडकीबाहेर बर्फ. उन्हाळ्यात फुलं बघून, महाराष्ट्र मंडळाचा गणपती बघून मन हरखून जातं. जानेवारी-फेब्रुवारी मात्र निराळाच असतो. म्हणून मी सांगते, एक अख्खा हिवाळा काढून या. पाहुणी म्हणून नव्हे, तर घरच्यासारखं राहून. एकटीने बसने जाऊन बघा, डॉक्टरकडे आपली तक्रार आपल्या तोंडाने सांगून बघा.

जाऊच नका, असं मी अजिबात म्हणत नाही. तिथे ड्रायव्हिंग शिकलेल्या, वाचनालयात जाणाऱ्या, मराठी शाळेत मुलांना शिकवणाऱ्या आजी आहेतच, आणि छान रमल्यात. पण रमणं हे स्वभावावर असतं आणि तो प्रत्येकीचा निराळा. नवरा-बायकोतही एकाला करमतं, दुसरीला नाही. म्हणून हा निर्णय दोघांनी वेगवेगळा विचार करून मग एकत्र घ्यावा.

आणि परतीची वाट बुजवू नका. निदान दोन खोल्यांचं का होईना, इथलं छप्पर ठेवा. ते आपल्या नावावर ठेवा. मेडिक्लेम बंद करू नका, कारण नव्याने काढताना जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. शेतजमीन असेल तर दहादा विचार करा. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला सहजी शेती घेता येत नाही, आणि अनिवासी झालेल्याला किंवा परदेशी नागरिकत्व घेतलेल्याला तर देशात कुठेच ती विकत घेता येत नाही. एकदा सातबाऱ्यावरचं नाव गेलं की गेलं. पेन्शनवाल्यांनी नोव्हेंबरचा हयातीचा दाखला परदेशातून कसा द्यायचा, तेही आधीच विचारून ठेवावं.

शेवटचा प्रश्न कडू आहे, पण बायकांनी तो विचारलाच पाहिजे. बहुतेक घरांत नवरा वयाने मोठा असतो. उद्या तिथे आपण एकट्या उरलो, तर हातात काय असेल? आपल्या नावाचा व्हिसा आहे का, आपल्या नावाचं बँक खातं आहे का, परत यायचं म्हटलं तर यायला घर आहे का?

एक शंभर पानी वही घ्या आणि हे सगळे प्रश्न तिच्यात लिहा. पुढच्या व्हिडिओ कॉलला चहाचा कप ठेवून आत जाऊ नका. खुर्ची ओढून घ्या, वही उघडा आणि मुलाला एकेक प्रश्न विचारा. समंजस मुलगा रागावणार नाही, उलट त्यालाही विचार करायला वेळ मिळेल. सगळी उत्तरं हाती येईपर्यंत विक्रीच्या कागदावर सही करायची नाही, एवढं मात्र पक्कं ठरवा.