घरचा कॉम्प्युटर: दिसत नाही तिथे खर्च करा

गेल्या वर्षीची गोष्ट. रमजान चालू होता आणि थोरल्याची दहावीची परीक्षा नुकतीच संपली होती. इफ्तार झाल्यावर तो एक कागद घेऊन माझ्यासमोर बसला. "अब्बा, आधी वाचा, मग नाही म्हणा," म्हणाला. कागदावर प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, ग्राफिक्स कार्ड, एसएमपीएस, कॅबिनेट, मॉनिटर अशी यादी होती. पुढे भाव, तळाशी बेरीज. बेरीज 70 हजारांच्या वर गेलेली. शेवटी एक ओळ: 'अभ्यासासाठी आणि थोडं गेमिंग.' 'थोडं' या शब्दाखाली दोन रेघा.

मी उर्दू शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं. यादी वाचून आधी रागच आला. मग दुसऱ्यांदा वाचली. माझ्या वर्गात मुलांकडून निबंधात जे करून घेताना माझा घसा सुकतो, ते या मुलाने न सांगता केलं होतं. मुद्दे मांडले होते, दोन ठिकाणचे भाव ताडून पाहिले होते, खोडून पुन्हा लिहिलं होतं. मी यादी परत दिली आणि तीन अटी घातल्या. एकूण 45 हजार, त्यात मॉनिटर आणि यूपीएससुद्धा. पैसे रोख, हप्ता नाही. आणि यादीवर धाकट्या बहिणीची सही हवी, कारण कॉम्प्युटर दोघांचा.

"तिला काय कळतंय?" तो म्हणाला. म्हटलं, तुला तरी महिन्यापूर्वी काय कळत होतं?

आता कोकणातल्या मुसलमान घरांत कॉम्प्युटर कसा येतो ते सांगतो. बहुतेकदा तो आखातातून येतो. कुणाचा मामू कुवेतला, कुणाचा चाचा दुबईला. सुट्टीवर येताना लॅपटॉप आणतात. कळांवर इंग्रजीबरोबर अरबी अक्षरं, वायरीला जाड चौकोनी पिनांचा प्लग, आणि वॉरंटी पुष्कळदा तिकडचीच. आमच्याकडेही असाच एक आला होता. चार वर्षं चालला. मग त्याची बिजागरी तुटली, बॅटरी फुगली. रॅम वाढवायला गेलो तर कळलं की ती बोर्डलाच डाग देऊन बसवलेली आहे, बदलता येत नाही. भेट प्रेमाची होती, त्याबद्दल तक्रार नाही. पण एक भाग बिघडला की सगळी वस्तू कपाटात, अशी वस्तू मध्यमवर्गीय घराला परवडत नाही.

दुसरा रस्ता हप्त्यांचा. एका नातेवाइकाने सुचवलं, "नो कॉस्ट ईएमआयवर घे, सगळे घेतात." व्याज द्यायचं नाही, घ्यायचं नाही, हा आमच्या घरातला जुना नियम. ज्यांच्या घरी असा नियम नाही त्यांनीही एवढं तपासावं की हप्त्यावर घेताना रोख खरेदीवरची सूट पुष्कळदा हातची जाते. सुट्या भागांच्या कॉम्प्युटरची खरी गंमत इथे आहे. तो टप्प्याटप्प्याने घेता येतो. आज चालेल एवढा घ्यायचा, पुढच्या वर्षी पैसे जमले की एक भाग वाढवायचा. कर्ज न काढता हप्ते पाडण्याची ही सोय आहे. अट एकच, पहिल्या दिवशी भाग निवडताना पुढची वाट बंद करून टाकायची नाही.

त्या हिशेबाने यादीतली पहिली काट ग्राफिक्स कार्डावर बसली. मुलाने आय3-12100एफ हा इंटेलचा प्रोसेसर लिहिला होता. प्रोसेसर चांगला आहे, पण नावातल्या शेवटच्या 'एफ'चा अर्थ असा की त्यात स्वतःचं ग्राफिक्स नाही. वेगळं कार्ड लावल्याशिवाय पडद्यावर काही दिसणारच नाही. दुकानात 'हा स्वस्तात पडेल' म्हणून तो पुढे केला जातो आणि घेणाऱ्याला घरी येऊन कोडं पडतं. त्याऐवजी आम्ही एएमडीचा रायझन 5 5600जी घेतला. 2021 साली आलेला, म्हणजे नवा नाही, पण सहा कोरचा आहे, त्यात बऱ्यापैकी ग्राफिक्स आहे आणि खोक्यात पंखाही मिळतो. व्हॅलोरंट, माइनक्राफ्ट आरामात चालतात, जीटीए फाइव्ह सेटिंग उतरवून चालतो. आज आलेला मोठा गेम त्यावर नीट चालणार नाही, हे मुलाला आधीच स्पष्ट सांगितलं.

याहून नवा एएम5 हा सॉकेट आहे, त्याला डीडीआर5 रॅम लागते. पुढच्या काळाचा विचार केला तर तोच बरा, पण बोर्ड आणि रॅम दोन्ही महाग पडत होते. आम्ही जुन्या एएम4 सॉकेटचा बी550 बोर्ड घेतला. ज्याच्याकडे दहा-पंधरा हजार जास्त आहेत त्याने एएम5 घ्यावा. आमच्याकडे नव्हते.

रॅमच्या बाबतीत धाकटीने भावाला पकडलं. त्याने 16 जीबीची एकच कांडी लिहिली होती, 'नंतर दुसरी लावू' म्हणून. तिने कुठेतरी वाचलं होतं की प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच काम भागवतं. त्यामुळे 8-8 जीबीच्या दोन कांड्या लावल्या तर एका नळाऐवजी दोन नळांनी पाणी येतं आणि गेमला फरक पडतो. तिचं बरोबर होतं. बोर्डवर चार खाचा होत्या, म्हणजे पुढची वाटही मोकळी. 2025च्या अखेरीपासून रॅमचे भाव बरेच चढले आहेत, एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी ओढून घेतल्याने. आज घेणाऱ्याला हीच यादी 45 हजारांत बसवणं जड जाईल. तरी कांड्या दोनच घ्याव्यात, फार तर एसएसडी लहान घ्यावी.

एसएसडी मात्र हवीच. जुनी फिरणारी हार्ड डिस्क सेकंदाला शे-दीडशे एमबी वाचते, साधी साटा एसएसडी पाचशेच्या आसपास, आणि बोर्डवर चिकटून बसणारी एनव्हीएमई त्याच्याही कितीतरी पट. घरातल्या जुन्या डेस्कटॉपला नुसती साटा एसएसडी लावली तरी तो पुन्हा कामाला लागतो. आम्ही 1 टीबी घेतली, कारण एकेक मोठा गेम शंभर जीबी खातो.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्या भागाकडे येतो. मुलाच्या यादीत सगळ्यात कमी पैसे एसएमपीएसवर होते, आणि कॅबिनेट मात्र काचेचं, रंगीत दिव्यांच्या चार पंख्यांचं. आमच्या शाळेतल्या एका सहकाऱ्यांनी असाच झगमगता तयार 'गेमिंग पीसी' एका दुकानातून घेतला होता. आतल्या एसएमपीएसवर 500 वॉटचं स्टिकर, पण बनवणाऱ्याचा धड पत्ता नाही. पहिल्याच पावसाळ्यात वीज गेली, आली, पुन्हा गेली. एसएमपीएस जळाला, आणि जाताना मदरबोर्ड घेऊन गेला. दुकानदाराने बिल मागितलं. बिल कच्चं होतं. 18 टक्के जीएसटी वाचवायला सरांनीच पक्कं घेतलं नव्हतं.

कोकणातली वीज कशी असते ते इथे राहणाऱ्याला सांगायला नको. जून लागला की फांदी पडली, तार तुटली, दिवे गेले. अशा गावात एसएमपीएस म्हणजे कॉम्प्युटरचं जोतं. नावाजलेल्या कंपनीचा, '80 प्लस' शिक्क्याचा घ्यावा. या शिक्क्याचा अर्थ एवढाच की ठरावीक भारांवर तो आत घेतलेल्या विजेपैकी किमान 80 टक्के कामी लावतो. पण ज्या कंपनीने ही चाचणी करून घेतली तिने बाकीचं कामही सहसा नीट केलेलं असतं. आम्ही 550 वॉटचा घेतला. आज एवढा लागत नाही, पण उद्या ग्राफिक्स कार्ड आलं तर तोच पुरेल. सोबत लहान यूपीएस. तो काहीच मिनिटं चालतो, तेवढ्यात फाइल सेव्ह करून मशीन नीट बंद करता येतं. विजा कडाडू लागल्या की मात्र यूपीएसचा प्लगही काढून ठेवावा.

आणखी एक. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर बहुधा तुमच्या बोर्डाचं अर्थिंग नीट नाही. आमचंही नव्हतं. कॉम्प्युटर आणायच्या आधी वायरमन बोलावला, दीड तासाचं काम होतं. घर बांधल्यापासून तिसऱ्या पिनेला काही जोडलेलंच नव्हतं, हे त्या दिवशी कळलं.

मॉनिटरवर मी अडून बसलो. 24 इंची, आयपीएस पडद्याचा. माझं कारण नस्तालीक. उर्दूत बे, पे आणि ते यांच्यातला फरक फक्त नुक्त्यांचा. फोनच्या बारीक अक्षरांत आणि भुरकट पडद्यावर मुलं नुक्ते चुकतात आणि मला वाटायचं, मुलं आळशी आहेत. मोठ्या पडद्यावर तोच मजकूर धाकटी घडाघडा वाचते. युनिकोडमधून उर्दू टाइप करते, शेजारच्या खिडकीत मराठी इन्स्क्रिप्ट. दोन्ही लिप्या दहा बोटांनी येणारी मुलगी आपल्या शाळांत किती, याचा विचार शिक्षकांनी करावा.

खरेदीला मे महिन्यात तिघं मुंबईला गेलो. ग्रँट रोड स्टेशनात उतरून लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे आजच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर. पाच दुकानं फिरलो. जिथे प्रत्येक भागाचा सिरीयल नंबर बिलावर लिहून मिळाला तिथे घेतलं. निघताना दुकानातला पोरगा म्हणाला, "विंडोज फुकट टाकून देतो, सर." मी वर्गात कॉपी पकडतो. घरी रोज चोरीचं सॉफ्टवेअर सुरू करून मुलाला काय सांगणार? लिनक्स मोफत आहे आणि लिब्रेऑफिससकट अभ्यासाला पुरेसं आहे. पण व्हॅलोरंट त्यावर चालत नाही, आणि आमच्या शाळेची जुनी कामं इनपेजमध्ये आहेत, ते विंडोजचं. म्हणून विंडोज विकत घेतलं. काचेच्या कॅबिनेटचे पैसे तिकडे गेले. आमचं कॅबिनेट काळं, साधं, जाळीचं आहे, हवा चांगली खेळते.

ज्यांचं बजेट याच्या निम्मं आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. कंपन्यांतून उतरलेले वापरलेले डेस्कटॉप स्वस्तात मिळतात आणि अभ्यासाला उत्तम असतात. पण 14 ऑक्टोबर 2025ला विंडोज 10चा आधार संपला, आणि विंडोज 11 अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच चालतं. चौथ्या-सहाव्या पिढीचं मशीन घ्यायचं तर ते लिनक्ससाठी आहे हे समजून घ्या.

'गेमिंगसाठी कशाला पैसे, ही तर फिजूलखर्ची,' असं मला मशिदीबाहेरही ऐकायला मिळालं. फिजूलखर्ची मलाही आवडत नाही. पण मुलं खेळतातच. फोनवर, चादरीखाली, रात्री एकपर्यंत. आमच्या कॉम्प्युटरची जागा ओटीवरच्या खोलीत आहे, जाता-येता सगळ्यांना पडदा दिसतो. खेळ कमी झाला असं मी म्हणणार नाही, सुट्टीत तर वाढला. मगरिबची अजान झाली तरी 'हा एक राउंड' चालू असतो आणि मला आवाज चढवावा लागतो. पण आता तो माझ्या डोळ्यांसमोर आहे, आणि त्याच मशीनवर तो प्रकल्पाचा तक्ता करतो. फोनवर वाढलेल्या मुलांना फाइल कुठे ठेवली ते सांगता येत नाही. माझ्या नववीच्या वर्गात हे मी रोज पाहतो.

पहिल्या महिन्यात एक पाहुणे आले होते. धाकटी कॅबिनेट उघडून ब्रशने धूळ काढत होती. ते म्हणाले, "पोरीला कशाला हात लावू देतोस, बिघडेल." माझ्या आईने आतून उत्तर दिलं, "बिघडलं तर तीच दुरुस्त करील. तिच्या भावाला येत नाही." मला बोलायची गरज पडली नाही.

एक पावसाळा गेला. वीज कितीदा गेली त्याची गणती नाही. मशीन शाबूत आहे. कपाटात पत्र्याचा एक डबा आहे, त्यात दोघांची ईदी ग्राफिक्स कार्डासाठी जमते. या ईदला डबा उघडून मोजायचा आहे. मुलाने नवी यादी तयार ठेवली आहे, आणि या वेळी तिच्यावर बहिणीची सही आधीच आहे.