३२ केबीची इस्टेट

एक सांगा, माळ्यावरच्या खोक्यात, जुन्या सीडी आणि बंद पडलेल्या चार्जर्सच्या खाली एखादा गेम बॉय पडलाय का? असेल तर आजचा कॉलम खास तुमच्यासाठी. आणि जरा घाई करा बरं का!

कारण त्याच्या बऱ्याच कार्ट्रिजच्या पोटात बटणाएवढा एक सेल असतो. गेम चिपमध्ये कायमचा भरलेला, त्याला सेल लागत नाही. पण तुम्ही ‘सेव्ह’ केलेलं सगळं त्या सेलच्या जिवावर तग धरून असतं. सेल संपला की खेळ खल्लास! १९९६ साली जपानमध्ये आलेल्या पहिल्या पोकेमॉन गेम्सपासून हेच चालत आलंय. पुढच्या गोल्ड आणि सिल्व्हरमध्ये तर त्याच सेलवर घड्याळही चालतं. म्हणजे तो आणखी लवकर मान टाकणार.

यावरचा उपाय म्हणजे कार्ट्रिज फ्लॅशर. नाव भारी, पण फंडा एकदम सिंपल! तळहातावर मावेल एवढं सर्किट. एका बाजूला कार्ट्रिज खोचायची, दुसरीकडून यूएसबी केबल. कार्ट्रिजमधला सेव्ह कॉम्प्युटरवर उतरतो, हवा तेव्हा परत चढतो. पुन्हा लिहिता येणारी कोरी कार्ट्रिज असेल तर तिच्यावर स्वतः बनवलेला गेमही भरता येतो. ऑस्ट्रेलियातल्या इनसाइडगॅजेट्सचं ‘जीबीएक्सकार्ट आरडब्ल्यू’ हे यातलं गाजलेलं नाव.

पण खरी मेख यंत्रात नाही, सॉफ्टवेअरमध्ये आहे. माझ्या हिंजवडीतल्या मित्राचंच बघा. २००४ मध्ये न्यू जर्सीच्या आत्याने त्याच्यासाठी गेम बॉय आणि पोकेमॉन रेड आणला. संध्याकाळी शेजारी बसून आजोबा विचारायचे, ‘काय रे, आज कुणाला हरवलंस?’ म्हणून पठ्ठ्याने आपल्या पिकाचूचं नाव ठेवलं ‘आबा’. आजोबा आता नाहीत. ‘आबा’ मात्र कार्ट्रिजमध्ये आहे, लेव्हल ६२ वर.

मित्राने फ्लॅशर मागवला. आता जोडायचा कशाला? विंडोजचा लॅपटॉप ऑफिसचा, त्याचे यूएसबी पोर्ट बंद करून ठेवलेले. घरात बायकोचं मॅकबुक. सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालणारं असतं, तर झालं असतं ना कल्याण?

इथे कामाला आलं ‘फ्लॅशजीबीएक्स’. हे फुकट सॉफ्टवेअर पायथनमध्ये लिहिलंय, त्यामुळे विंडोज, मॅक, लिनक्स, तिन्हींवर चालतं. (लिनक्सवाल्यांनो, आधी स्वतःला सीरियल पोर्ट वापरायची परवानगी द्या, नाहीतर यंत्र दिसणारच नाही.) जोई ज्युनियर आणि जीबीफ्लॅशसारखी दुसरी यंत्रंही त्याला चालतात. गेम बॉय कॅमेऱ्यातले फोटोसुद्धा ते बाहेर काढून दाखवतं. दहा मिनिटांत ‘आबा’ मॅकवर! फाइल केवढी? फक्त ३२ केबी. व्हॉट्सअॅपवरचा गुड मॉर्निंगचा फोटोही याहून मोठा असतो.

तुम्ही म्हणाल, एका गेमसाठी एवढा आटापिटा कशाला? अहो, प्रश्न गेमचा नाहीच. २०१९ मध्ये मॅकओएस कॅटालिना आलं आणि ३२-बिटची सगळी जुनी सॉफ्टवेअर्स एका फटक्यात बंद पडली. उद्या दुसरं काही बंद पडेल. यंत्र ठणठणीत आणि त्याच्याशी बोलणारं कुणी नाही, असं झालं तर ते नुसतं पेपरवेट. फ्लॅशजीबीएक्सचा कोड सगळ्यांसाठी खुला आहे. मूळ लेखकाने उद्या हात वर केले, तरी दुसरं कुणीतरी तो नव्या कॉम्प्युटरवर चालता करू शकतं. आठवणी एका कंपनीच्या मर्जीवर कशाला टांगून ठेवायच्या?

तेव्हा या वीकेंडचा प्रोग्रॅम ठरला. आधी कार्ट्रिजचे धातूचे पाय स्पिरिटने हलकेच पुसा. मग सेव्ह उतरवा. तोच पुन्हा एकदा उतरवून दोन्ही फाइल्स सेम आहेत ना ते बघा, आणि दोन वेगवेगळ्या जागी ठेवा. एवढं झाल्यावरच सेल बदलायला घ्या. तो डाग देऊन बसवलेला असतो, म्हणून सोल्डरिंग येत नसेल तर जवळचा मोबाइल रिपेअरवाला गाठा. सेल काढला की जुना सेव्ह उडणारच. उडू दे की! तुमच्याकडची फाइल परत चढवा, पॉवर ऑन करा...

मित्राचा ‘आबा’ आता नव्या सेलवर जोरात आहे. तुमच्या खोक्यात कोण आहे?