‘सहभोजनानंतर समारोप झाला’



शिबिराचा अहवाल लिहिताना आपण जेवणाला एकच ओळ देतो. ‘सहभोजनानंतर शिबिराचा समारोप झाला.’ कोण कुणाशेजारी बसलं, कुणी काय खाल्लं, कुणाच्या ताटात काय तसंच राहिलं, यातलं काहीही त्या ओळीत नसतं. एमएसडब्ल्यूच्या दोन वर्षांत आम्हाला समूहकार्य शिकवलं, समुदाय संघटन शिकवलं, अहवालाचे नमुने तर इतके गिरवून घेतले की मी ते झोपेतही लिहू शकेन. पंगतीकडे बघायला मात्र कुणी शिकवलं नाही. म्हणून या वेळी अहवालाबाहेर राहिलेल्या एका जेवणाबद्दल लिहिते आहे.

गेल्या वर्षी एका मोठ्या शहरात ग्रामपंचायतींमधल्या निवडून आलेल्या स्त्रियांचं तीन दिवसांचं प्रशिक्षण होतं. खर्च एका कंपनीच्या सामाजिक निधीतून झाला होता. दुसऱ्या रात्री ‘यशाचा सोहळा’ म्हणून एका तारांकित हॉटेलात जेवण ठेवलं होतं. आमच्या टेबलावर मराठवाड्यातल्या एका गावच्या सरपंच होत्या. वय पन्नाशीच्या पुढे. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं, हे आपल्याला माहीत आहे. ते ऐकून या ताईंनी आपल्या गावात तसाच ठराव आणला होता. बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र काढून घेणं बंद. ठराव कसा झाला, विरोध कुणी केला, सासूबाई मध्येच उठून काय बोलल्या, हे सगळं त्या तिसऱ्या दिवशी सकाळी सांगणार होत्या. खरं म्हणजे त्यासाठीच त्यांना बोलावलं होतं.

संध्याकाळी गाडीत त्या मला म्हणाल्या, “नवरा गेल्यापासून मला सवाष्ण म्हणून कुनी जेवाया बोलवलं नाही. आज पहिल्यांदाच मानानं चालले.” हे त्या हसत म्हणाल्या. नवं लुगडं नेसलं होतं.

हॉटेलात ताट हातात घेऊन काउंटरवरून काउंटरवर फिरायचं होतं. एका ठिकाणी समुद्रातल्या शेवाळाच्या पापुद्र्यात गुंडाळलेले भाताचे गोल तुकडे होते. आत काकडी होती आणि बाजूला हिरवा गोळा. पाटी इंग्रजीत. ताईंना भात ओळखीचा वाटला, गोळा पुदिन्याच्या चटणीसारखा दिसला. चटणी घेतात तेवढी त्यांनी घेतली, म्हणजे चांगली चमचाभर, आणि भाताला लावून तोंडात घातली. ती जपानी वासाबी होती.

पुढचं सांगायला नको. नाका-डोळ्यांतून पाणी, ठसका, घास पदरात. वाढपी कागदी रुमाल घेऊन धावला. शेजारच्या टेबलावर हशा पिकला. मी पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. मिनिटाभरात त्या सावरल्या आणि डोळे पुसत म्हणाल्या, “काय बया, मोहरीच फेसली की ह्यांनी!”

त्यांचं निदान अचूक होतं. वासाबी आणि मोहरी एकाच कुळातल्या वनस्पती आहेत आणि दोन्हींचा झणका एकाच जातीच्या तेलाचा असतो. हे तेल हवेत उडतं, म्हणून ते जिभेवर न थांबता थेट नाकात चढतं आणि मिरचीच्या मानाने लवकर उतरतं. हॉटेलात वासाबी म्हणून जे देतात, ते तर बहुतेक वेळा हॉर्सरॅडिश नावाच्या मुळाची पूड, मोहरी आणि हिरवा रंग यांचं मिश्रण असतं, कारण अस्सल वासाबी फार महाग. मोहरी फेसून लोणचं घालणाऱ्या बाईने एका घासात ते ओळखलं. त्या टेबलांवर बसलेल्या कितीजणींना हे ठाऊक होतं? पण हसणाऱ्यांच्या लेखी ‘अडाणी’ त्या ठरल्या.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी लिहिलंही नसतं. त्या ठसक्याची चित्रफीत निघाली होती आणि प्रशिक्षणाच्या व्हॉट्सॲप गटावर हसऱ्या चेहऱ्यांसकट पडली. ती काढणारी एक प्रशिक्षिका होती, आपल्यासारखीच, स्त्रियांच्या प्रश्नांवर काम करणारी. सांगितल्यावर तिने ती पुसली, पण तोवर ती गावात पोचलीही होती. ठरावाला विरोध करणाऱ्यांच्या हाती आयतं कोलीत मिळालं: रांडमुंड बाई शहरात हॉटेलं हिंडते, सरपंचकी अशी चालते. रात्रीच मुलाचा फोन आला. सकाळी ताई आयोजकांना एवढंच म्हणाल्या, “माझ्याऐवजी दुसरीला बोलू द्या.” त्या मागच्या रांगेत बसून राहिल्या. ठराव कसा झाला हे त्या सभागृहात कुणाला कळलं नाही. अहवालात लिहिलं गेलं, ‘वेळेअभावी एक सत्र रद्द.’

पंचायतींमध्ये स्त्रियांना एक तृतीयांश जागा ७३व्या घटनादुरुस्तीने दिल्या. ती १९९३ साली अमलात आली. महाराष्ट्राने २०११ मध्ये त्या निम्म्या केल्या. खुर्ची अशी कायद्याने मिळाली. पण पुरुष सरपंचाला असा ठसका लागला असता तर त्याने शिवी हासडली असती, चारजण त्याच्याबरोबर हसले असते आणि दुसऱ्या दिवशी त्याचं भाषण ठरल्याप्रमाणे झालं असतं. त्याच्या खाण्याचा त्याच्या चारित्र्याशी कुणी संबंध जोडला नसता. बाईने, त्यातून विधवा बाईने, चारचौघांत चवीनं खाणं हाच अजून काहींना गुन्हा वाटतो. चित्रफितीने त्यांना फक्त पुरावा पुरवला.

आता उलट बाजू बघा. शहरातल्या मैत्रिणी गावात येतात, ठेचा खाऊन त्यांच्या डोळ्यांतून धारा लागतात. घरातली बाई धावत गूळ आणते, दही आणते, सगळ्या हसतात आणि पाहुणीही हसते. तिची लाज जात नाही, उलट परत गेल्यावर ती तो किस्सा कौतुकाने सांगते. अनोळखी अन्न खाताना फजिती दोघींचीही होते. पण एकीची फजिती गंमत ठरते आणि दुसरीची लायकी काढते. (ठेच्यातली मिरचीसुद्धा पोर्तुगीजांबरोबर समुद्रापलीकडून आलेली आहे. तेव्हा पहिला घास घेणारीला ठसका लागलाच असेल.)

आणि आपल्याच कार्यक्रमांचं काय? ‘सर्वांना चालावं’ म्हणून आपला बेत कायम शाकाहारी असतो. या ‘सर्वां’त कोण धरलेलं आहे, हे आपण विचारत नाही. वजडी, रक्ती, सुकट हे शब्द उच्चारताच आपल्याही काही मैत्रिणींचे चेहरे बदलतात, ते मी पाहिलं आहे. पुणे विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्राने २००९ मध्ये दलितांच्या अन्नाच्या आठवणींची पुस्तिका काढली, शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ २०१५ मध्ये आलं. दोन्ही आपल्या अनेक संघटनांच्या कपाटात असतील. कपाटातून ते ताटात मात्र आलेलं नाही. हॉटेलातल्या त्या हशाला नावं ठेवताना हेही बोलायला हवं.

सरपंचताईंना मी दिवाळीनंतर गावी जाऊन भेटले. ठराव कायम आहे, विरोधकही कायम आहेत. त्या दिवशी सांगायचं राहिलेलं सगळं त्यांनी सांगितलं. ते त्यांच्याच शब्दांत, नाव न देता, या अंकात छापलं आहे. चित्रफितीबद्दल लिहू का, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, “लिव्हा. पण मोहरीचं बी लिव्हा.”

पुढच्या मेळाव्यासाठी काही गोष्टी ठरवल्या आहेत. जेवणाच्या जागी फोन बाहेर काढायचा नाही. बसून पंगत, आणि नवा पदार्थ असेल तर वाढणारीने तो काय आहे आणि किती घ्यायचा ते सांगायचं. शाकाहारी स्वयंपाक वेगळ्या भांड्यांत होईलच, पण बेत तेवढाच नसेल. तुमच्याकडे सणाला जे शिजतं ते आम्हाला लिहून कळवा, मग ते मटण असो, सुकट असो की वजडी. चुलीपाशी कोण बसणार हे अजून ठरलेलं नाही. ती यादी पुन्हा त्याच चार बायकांची होऊ नये, म्हणून कार्यकारिणीची बैठक बोलावली आहे.